लेक पत्रकार व्हायचं म्हणते, तर…

लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या सरांचा प्रश्न आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मराठी चांगलं लिहिते, वक्तृत्वाची बक्षिसं आहेत, पत्रकार व्हायचं म्हणते. आई म्हणते बी.एड. कर, मामा म्हणतो एमपीएससीचा क्लास लाव. "तुम्ही 28 वर्षं या क्षेत्रात आहात. तिला प्रोत्साहन द्यावं की समजूत घालून परत फिरवावं?"

सर, वक्तृत्वाची बक्षिसं आधी बाजूला ठेवू. या कामात बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसून समोरच्याला बोलू देणारा जास्त चालतो. मराठी चांगलं आहे ते मात्र उपयोगी पडेल. बातम्या तपासायच्या डेस्कवर येणाऱ्या दहा पोरांत ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, कर्ता आणि क्रियापद जुळवणारे दोघे-तिघेच निघतात हल्ली.

तर, येऊ द्या तिला. माझी अट एकच आहे आणि ती तिच्यासाठी नाही, तिला कामावर ठेवणाऱ्यासाठी आहे. बातमी आणि जाहिरात एकाच माणसानं आणायची, असं जिथं असेल तिथं तिला एक दिवसही पाठवू नका. पगार कमी असला तर चालेल, पुणे-मुंबई नाही मिळालं तर चालेल, रात्रपाळी असली तर तिचं ती बघेल. हे मात्र नको.

का नको ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. 1997 साली मी तालुक्याला वार्ताहर म्हणून लागलो. 'लागलो' म्हणजे संपादकांच्या सहीचं एक ओळखपत्र मिळालं. बातमी हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि साडेचारच्या लातूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडे स्टँडवर ऑफिसचा पोऱ्या उभा असायचा. गाडी पंक्चर झाली की त्या दिवशी आमच्या तालुक्यात काही घडलेलंच नसायचं. छापून आलेल्या मजकुराचे कॉलम-सेंटिमीटर मोजून मानधन मिळे, महिन्याला दीड-दोनशे रुपये. चूल पेटायची ती जाहिरातीच्या कमिशनवर, शंभराला पंधरा. आता एसटीच्या जागी व्हॉट्सॲप आलं. मी बघतो त्या ठिकाणी दीड-दोनशेचे दोन-तीन हजार झाले, तेही कधी तीन महिन्यांनी एकदम मिळतात. कमिशन तेवढं जिथल्या तिथं आहे.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन आणि आमदारांपासून सभापतींपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस, हे तालुका प्रतिनिधीचे सुगीचे दिवस. वरून टार्गेट येतं. पुरवणी भरायची असते. मग ज्या गुत्तेदारानं बांधलेल्या शाळेच्या खोलीला दोन पावसाळ्यांत तडे गेले, त्याच्याच ऑफिसात सोफ्यावर बसून तुम्ही "साहेब, निदान क्वार्टर पान तरी" म्हणत असता. जाहिरात बहुतेक उधारीवर. छापून आली की वसुली तुमची, आणि पैसे आले नाहीत तर तुमच्या खात्यातून वळते. उधारीसाठी ज्याच्या दारात चार चकरा मारल्या, त्याच्या तडे गेलेल्या भिंतीची बातमी कोण लिहिणार? समजा लिहिलीच, तर तो चौकात उभा राहून सांगतो, "जाहिरात दिली नाही म्हणून लिहिलं." निम्म्या गावाला ते पटतं, कारण निम्म्या वेळा ते खरंही असतं.

लोक पत्रकार परिषदेत मिळणाऱ्या पाकिटाबद्दल बोलतात. पाकीट फार पुढचं आहे हो. माणूस वाकायला लागतो तो टार्गेटच्या पहिल्या महिन्यात. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या पेपरांत एकाच नेत्याचं कौतुक अक्षरशः सारख्याच शब्दांत छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं आणि 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द सगळ्यांना ठाऊक झाला. शहरातल्या मंडळींना धक्का बसला. आमच्याकडे कुणाला बसला नाही. आमच्याकडे त्याला 'पॅकेज' म्हणत आणि त्याचे दर पाठ असत.

पगाराचं म्हणाल तर शहरातल्या डेस्कवर नवख्या उपसंपादकाला पंधरा-वीस हजार, पुण्या-मुंबईत डिजिटलला थोडे जास्त, एवढंच माझ्या पाहण्यात आहे. कायद्यानं पाहिलं तर चित्र फार देखणं होतं. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 पासून स्वतंत्र कायदा होता. मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी 11 नोव्हेंबर 2011 ला अधिसूचित झाल्या, मालक कोर्टात गेले, 7 फेब्रुवारी 2014 ला सुप्रीम कोर्टानं त्या कायम केल्या. त्यानंतर एके दिवशी आमच्या ऑफिसात एचआरचा माणूस टेबलाटेबलावर एक छापील कागद घेऊन फिरला. 'सध्याच्या वेतनावर मी समाधानी आहे.' 'ट्वेंटी जे' म्हणतात त्याला, शिफारशींतल्या 20(जे) या कलमावरून. मी सही केली. घराचे हप्ते होते, पोरगा दहावीला होता. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की त्या कलमाचा आधार घेऊन आयोगापेक्षा कमी पगार देता येत नाही. तोवर आमच्यातल्या अर्ध्यांना कंत्राटावर घेऊन झालं होतं. तिला कंत्राटावरच काम मिळणार, हे धरून चाला. पहिली चार-पाच वर्षं घरभाड्याला तुमचा हात लागेल. तो देण्याची तयारी आहे का, हे तुम्ही आणि तिच्या आईनं आधी बसून ठरवा. माझ्या मते 'प्रोत्साहन' या शब्दाचा अर्थ एवढाच. शाबासकीनं भाडं जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं असून 'येऊ द्या' कसं म्हणता?

एप्रिल 2016. लातूरला पाणी नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. 12 तारखेला पहाटे पहिली गाडी आली, दहा वाघिणी, 5 लाख लिटर. स्टेशनवर वाघिणींपेक्षा बूम माइक जास्त होते. दिल्लीचे चॅनेलवाले, हॉटेलात पाणी नाही म्हणून बिसलेरीनं तोंड धुऊन आलेले. मीही होतोच. गाडीची बातमी माझ्या नावानं पहिल्या पानावर लागली, आणि ती बातमी कुणीही लिहिली असती.

त्याच उन्हाळ्यात गावोगाव टँकर सुरू होते. प्रत्येक टँकरचं लॉगबुक असतं. गाडी नंबर, भरणा कुठून, गाव, खेप, वेळ, किलोमीटर आणि पाणी मिळाल्याची गावातल्या माणसाची सही. बिल त्यावर निघतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एका पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महिना उलटल्यावर 212 पानं मिळाली, पानाला 2 रुपये, 424 रुपये. ऑफिसात व्हाउचर टाकलं तर अकाउंट्सवाल्यानं विचारलं, "हे कशात दाखवू?" ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

ती पानं मी चार रात्री घरी जेवणाच्या ताटाशेजारी घेऊन बसलो. पहिल्या रात्री काहीच दिसलं नाही. आकडे म्हणजे नुसते आकडे. दुसऱ्या रात्री बायको म्हणाली, "हे सगळं एकाच पेननं लिहिलंय का?" खरंच होतं. चाळीस दिवसांच्या सह्या, त्या वेगवेगळ्या नावांच्या, पण 'पाटील'मधला 'टी' प्रत्येक पाटलाचा सारखाच वळलेला. मग मी तारखा लावत गेलो. एकच टँकर सकाळी साडेनऊला दोन गावांत रिकामा झालेला, दोन गावांमध्ये 34 किलोमीटर. आणि तिसऱ्या रात्री ती नोंद सापडली: '31 एप्रिल, खेपा 2'.

सर, मी ती ओळ तीनदा वाचली. मग उठून भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, उगीच. एप्रिलला तीस दिवस असतात हे मला कालनिर्णयानं सांगायची गरज नव्हती. पण त्या पानाखाली चार सह्या होत्या, त्यातल्या दोन राजपत्रित. पाणी न आलेल्या दिवशी, जो दिवस उगवलाच नाही त्या दिवशी, दोन खेपा पाणी वाटलं होतं आणि त्याचे पैसे निघाले होते.

बातमी लागली. कंत्राटदाराचं बिल अडलं, दोघांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. आमच्या जाहिरात विभागाचा एक मोठा ग्राहक तुटला आणि तो तुटल्याचं मला वर्षभर ऐकवलं गेलं. पुढच्या टंचाईत तोच कंत्राटदार भावाच्या नावानं परत आला, हेही सांगायला हवं. पण त्या वर्षी त्या तालुक्यात लॉगबुकवर सह्या घ्यायला माणूस घरोघरी फिरला. माझं तालुक्याचं जाहिरातीचं काम 2008 मध्येच सुटलं होतं, म्हणून हे जमलं. टार्गेट असतं तर त्या कंत्राटदाराच्या दिवाळीच्या जाहिरातीचा हिशेब माझ्याच डायरीत असता, आणि मी ती 212 पानं मागितलीच नसती. अट घालतो ती यासाठी.

तुमची लेक यावी असं मला वाटण्याचं दुसरं कारण जरा आमच्या नामुष्कीचं आहे. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर झाली. तिशी-पस्तिशीतल्या बायकांची गर्भाशयं काढलेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कामाला दांडी पडली की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, कापायचे. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, अंग दुखलं म्हणजे खाडा. त्यात एखादा डॉक्टर 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' म्हणाला की उचलीत आणखी एक कर्ज.

आम्ही पुरुष बातमीदार वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात होतो. ऊसदर, मुकादमांचे करार, साखर संघाच्या बैठका, लवाद, सगळं लिहिलं. टोळ्या परत आल्या की ट्रॅक्टरचे फोटो छापले. ज्या गोष्टी वस्तीवरच्या आशाताईला, अंगणवाडीच्या बाईला, माझ्या बायकोला भाजी घेता घेता माहीत होत्या, त्या आमच्या कानावर येत नव्हत्या, कारण आमच्यासमोर कुणी त्या बोलत नव्हतं. आजही तालुक्याच्या पत्रकार परिषदेत चाळीस खुर्च्यांवर एखादीच बाई असते आणि तिला 'मॅडम, तुम्ही आधी नाश्ता घ्या' एवढाच मान असतो. तिथं स्वच्छतागृह नसेल, रात्री परतताना गाडीची सोय नसेल, एखादा पुढारी नको तेव्हा फोन करेल. हे सगळं होईल. तरी त्या वस्तीवर बसून चहा पिताना तिला जे ऐकायला मिळेल, ते मला 28 वर्षांत मिळालं नाही.

भीतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिची आई विचारणारच. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारलं. रिफायनरीच्या जमिनींबद्दल ते लिहीत होते, आणि ज्याच्या विरोधातली त्यांची बातमी त्या दिवशी सकाळी छापून आली त्याच माणसाला या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. मी हे झाकून ठेवणार नाही. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, विधिमंडळानं 2017 मध्ये केलेला. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. मात्र मार बसल्यावर आधी तुम्ही पत्रकार आहात हे दाखवावं लागतं, आणि तालुक्याच्या वार्ताहराकडे नेमणूकपत्र नसतं. हातात असतं ते मुदत संपलेलं ओळखपत्र. म्हणून पहिल्या नोकरीत पगाराची घासाघीस करू नका, पण नेमणूकपत्र लेखी घ्यायला लावा. दुसरं, नाजूक बातमीवर असताना ती कुठं आहे हे ऑफिसातल्या एकाला आणि घरातल्या एकाला माहीत असावं. आम्ही हे कधी पाळलं नाही. आमची पिढी उगीच वाघ होती.

शिक्षणाचं लवकर आटोपतो. बी.ए. पूर्ण करू द्या, शक्यतो अर्थशास्त्र घेऊन. मग पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेत (आयआयएमसी) मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. हिरवा पडदा आणि स्टुडिओ दाखवून लाखात फी मागणाऱ्यांकडे जाऊ नका. पडद्यासमोर उभं राहणं ती पंधरा दिवसांत शिकेल. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचणं, सातबारा-फेरफार कळणं, कोर्टाचा निकाल इंग्रजीतून नीट समजणं, एक्सेलमध्ये दोन याद्या ताडून बघणं, हे शिकायला दोन-तीन वर्षं जातात आणि वर्गात कुणी ते शिकवत नाही. एखादा विषय तिनं आपला करावा: पाणी, आरोग्य, सहकार, काहीही. नुसती 'पत्रकार' असलेली माणसं कपातीत आधी जातात. 2020 च्या टाळेबंदीत ते फार जवळून पाहिलं. पानं निम्मी झाली, जिल्ह्याच्या आवृत्त्या बंद झाल्या, आणि घरी गेलेल्यांत सगळं थोडं थोडं येणारेच जास्त होते.

प्रेसनोट आवरून बातमी करणं, मथळा देणं, भाषांतर, ही डेस्कची कामं आता मशीन करतं आणि बरं करतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी आयुष्यातले काही हजार तास 'मान्यवरांच्या हस्ते' कापण्यात घालवले आहेत. पण त्याच कामावर नवीन पोरं धंदा शिकायची, ती शिडी गेली. म्हणजे तुमच्या लेकीला पहिल्या दिवसापासून बाहेर पडावं लागेल. बातमी देण्याच्या जागाही आता पेपरापुरत्या उरलेल्या नाहीत. 2014 मध्ये ग्रामीण भारतावरचं 'पारी' हे संकेतस्थळ सुरू झालं, 2017 मध्ये बीबीसी मराठी आलं, गावात राहून लिहिणाऱ्यालाही दारं उघडली. ती थोडी आहेत, हे खरं.

आणि समजा पस्तिशीला तिला वाटलं, बास झालं, तर त्यात काही हरल्यासारखं नाही. माझे निम्मे सोबती जनसंपर्कात गेले, काही वकील झाले. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदंही एमपीएससीतूनच भरली जातात आणि तिथं पत्रकारितेचं शिक्षण, अनुभव लागतो, एवढं मामाच्या कानावर घाला. तो शांत होईल.

राहिला एक प्रश्न: तिला हे खरंच करायचंय की टीव्हीवर दिसायचंय? ते ना तुम्हाला कळेल ना मला. एक साधं काम सांगतो. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना दप्तर बघू द्यायचं आहे. बहुतेक ठिकाणी 'साहेब मीटिंगला गेलेत' हे उत्तर मिळतं. तिला तुमच्या पंचायत समितीत पाठवा, एकटीला. तुम्ही समोरच्या टपरीवर थांबू नका आणि ओळखीच्या विस्तार अधिकाऱ्याला आधी फोनही करू नका. तिनं एकच फाइल बघायला मागायची, तुमच्याच गावातल्या एखाद्या रस्त्याची किंवा टाकीची. पहिल्या सोमवारी परत पाठवतील. दुसऱ्या सोमवारीही बहुधा पाठवतील. तिसऱ्या सोमवारी ती न सांगता निघाली, तर मला फोन करा.

आणि झेरॉक्सचे पैसे तेवढे तिच्याजवळ द्या. पानाला 2 रुपये.